पहिली प्रत

गेल्या महिन्यात परिचयातील एका शिक्षणसंस्थेच्या संचालकांचा दूरध्वनी आला. संस्थेच्या प्राथमिक शाळेत पहिलीपासून संगणकावर लेखन-वाचन शिकविण्याचा विचार चालू आहे, देणगीदार पुढे आले आहेत, खोलीही तयार आहे. "ताई, तुम्ही हे जिल्हा परिषदेच्या शाळेत करून पाहिलेले आहे. तुमचे मत एका वाक्यात सांगा," असे ते म्हणाले. एका वाक्यात मावेल असे माझ्याजवळ काही नव्हते. लिहून कळविते, असे सांगून मी वेळ मागून घेतला. लिहावयास बसले तेव्हा ध्यानात आले की मला मत सांगावयाचे नाही, एका मुलीची हकीकत सांगावयाची आहे. त्या हकिकतीत माझ्या हातून घडलेली एक चूक आहे, आणि ती मी आजवर कोणापाशी बोललेली नाही.

आमच्या घरात अक्षराला फार मान होता. वडील गावच्या विकास सोसायटीचे सचिव होते. त्यांचे खतावणीतले अक्षर पाहण्यासाठी तालुक्याहून माणसे येत, असे आई अभिमानाने सांगे. आम्हा भावंडांना रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर पुस्ती काढावी लागे. एक ओळ वाकडी गेली की सारे पान पुन्हा. आजी शेजारी वाती वळत बसलेली असे. आदिनाथ भगवंतांनी आपल्या कन्येला, ब्राह्मीला, उजव्या बाजूस बसवून लिपी शिकविली आणि सुंदरीला डाव्या बाजूस बसवून अंक शिकविले, ही कथा ती आम्हाला पुन्हा पुन्हा सांगे. "पहिल्यांदा अक्षर शिकली ती लेक होती," हे तिचे ठरलेले वाक्य. सांगणारी आजी स्वतः मात्र कागदावर अंगठा उठवीत असे.

पुढे मी शिक्षिका झाले ती हाच वारसा घेऊन. मोत्यासारखे अक्षर म्हणजे चांगला विद्यार्थी, हे समीकरण माझ्या मनात इतके पक्के होते की ते समीकरण आहे याचीही जाणीव मला नव्हती. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत डावखुऱ्या मुलांच्या हातातील पेन्सिल मी उजव्या हातात देत असे. त्यातल्या दोघांना मारलेही आहे. आज त्याची लाज वाटते.

शिरोळ तालुक्यातील कृष्णाकाठच्या आमच्या शाळेत संगणक आला तो २०१० साली, लोकवर्गणीतून. ज्या दिवशी खोके उघडले त्या दिवशी नारळ फुटला, पडद्याला हळदकुंकू लागले, आणि नंतर कितीतरी दिवस ते कुंकू कडेच्या फटीत तसेच राहिले. यंत्राला झालर लावलेले आच्छादन शिवण्यात आले. खोलीबाहेर चपला काढण्याचा नियम झाला. पहिले सहा महिने त्या संगणकाचा उपयोग वरिष्ठांना पाठवावयाची माहिती भरण्याखेरीज कशासाठीही झाला नाही. तालुक्याच्या टंकलेखकाने त्यात जो मराठी टंक घालून दिला होता तो जुन्या धाटणीचा होता. शाळेत लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन चिवडा दिसे. ज्या वाचकांनी त्या काळात मराठी मजकूर छापखान्यात पाठविला असेल त्यांना हा अनुभव नवा नाही.

मग शाळेत एक तरुण सहकारी बदलून आले. त्यांनी यंत्रातच असलेली युनिकोडची सोय सुरू केली आणि इन्स्क्रिप्ट नावाची कळफलकाची मांडणी मला दाखविली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी ही मांडणी प्रमाण म्हणून ठरविली होती, म्हणजे माझी निम्मी नोकरी झाली तोवर ती अस्तित्वात होती आणि मला ठाऊक नव्हती. मी ती पाहिली आणि त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. असे काय होते त्यात, ते थोडे विस्ताराने सांगते.

या मांडणीत डाव्या हाताखाली स्वर आणि स्वरचिन्हे येतात, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजने. आजीची ब्राह्मी आणि सुंदरी मला तेथेच आठवल्या. ज्या कळीवर क आहे त्याच कळीवर, शिफ्ट दाबली असता, ख उमटतो. ग आणि घ एका कळीवर, त आणि थ एका कळीवर, प आणि फ एका कळीवर. मुलाच्या बोटाला आपोआप कळते की ख म्हणजे श्वासाचा जोर लावून म्हटलेला क. काना आणि आ एकाच कळीवर, वेलांटी आणि इ एकाच कळीवर. सर्वांत नवल मला वाटले ते एका कळीचे. साधी दाबली तर हलन्ताचे चिन्ह, शिफ्टसह दाबली तर अ. व्यंजनात दडलेला अ काढून टाकणे आणि अ लिहिणे, ही दोन्ही कामे एका कळीकडे! पाणिनीच्या देशात शोभेल अशीच ही योजना आहे, आणि आपण मात्र ती कार्यालयातील कारकुनांच्या परीक्षेची बाब समजून बसलो.

वर्गात मात्र सर्वांत अधिक आनंद झाला तो वेलांटीमुळे. 'चिमणी' हाताने लिहिताना मूल आधी वेलांटी काढते, मग च. बोलताना मात्र आधी च येतो, मग इ. कितीतरी मुले या जागी अडखळतात. 'चि' लिहावयास सांगितले की वेलांटी काढून थांबतात, कारण आता कोणते अक्षर काढावयाचे याचा विसर पडलेला असतो. मी वर्षानुवर्षे या अडखळण्याला दुर्लक्ष समजत आले. संगणकावर मूल आधी च दाबते, मग वेलांटी, म्हणजे जसे बोलते त्याच क्रमाने; आणि पडद्यावर वेलांटी उडी मारून च च्या मागे जाऊन उभी राहते. पहिल्यांदा हे घडले तेव्हा अख्खा वर्ग ओरडला, "बाई, उडी मारली!" रफाराचेही तसेच. 'सूर्य' मध्ये र आधी उच्चारायचा आणि य च्या डोक्यावर काढायचा, हे समजावताना माझा घसा दुखत असे. कळफलकावर स, ऊकार, र, हलन्त, य, असे क्रमाने दाबले की रफार आपल्या जागी जाऊन बसतो. हात जे लपवितो ते यंत्र उघड करते, असे मला तेव्हा वाटले.

माझ्या भाच्याने त्याच सुमारास नॉर्वेतील आर्ने ट्रागेटोन या शिक्षणतज्ज्ञांच्या प्रयोगाची माहिती पाठविली. १९९९ ते २००२ या काळात त्यांनी पहिलीतील सहा वर्षांच्या मुलांना आधी संगणकावर लिहू दिले. वाचन शिकवून मग लेखन, असा क्रम न ठेवता मुलांनी लिहीत लिहीत वाचनाकडे यावे, हाताचे अक्षर पुढे लांबवावे आणि एका यंत्रासमोर दोन मुले बसवावीत, असा तो मार्ग होता. दोन मुलांची कल्पना मला मनापासून पटली, एक तर ती शहाणपणाची होती म्हणून, आणि दुसरे म्हणजे माझ्याकडे चौतीस मुले आणि एकच संगणक होता म्हणून! हाताचे अक्षर लांबविण्याचे धाडस मात्र माझ्याच्याने झाले नाही. पुढे त्याच नॉर्वेत, ट्रॉन्ड्हाइम येथील संशोधिका ऑड्री व्हॅन डर मेर यांनी मेंदूतील विद्युत् हालचाली मोजून दाखविले की हाताने लिहिताना मेंदू कळा दाबण्यापेक्षा अधिक व्यापकपणे कामाला लागतो. ते वाचून माझे धाडस झाले नाही ते बरेच झाले असे वाटले. फिनलंडने २०१६ पासून हस्ताक्षर बंद केले अशी एक बातमी आपल्याकडे फार फिरली. प्रत्यक्षात तेथे सक्ती उठली ती अक्षरे जोडून लिहिण्याच्या वळणाची, सुटी अक्षरे हाताने लिहिणे चालूच राहिले. असो.

आता त्या मुलीकडे वळते.

२०१२ साली मराठवाड्यात पाऊस झाला नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या भागात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या नेहमीपेक्षा अधिक आल्या. गावाबाहेर कोप्या उभ्या राहिल्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार अशा मुलांना वयानुरूप वर्गात बसवावयाचे असते. त्याप्रमाणे नऊ वर्षांची एक मुलगी माझ्या तिसरीच्या वर्गात आली. तिला स्वतःचे नाव कसेबसे लिहिता येत होते. मी पाटीवर काही शब्द लिहून घेतले, वही पाहिली आणि नोंदवहीत एक शब्द लिहून टाकला: अप्रगत. या सगळ्याला पाच मिनिटे लागली असतील.

तिची बोटे मी त्यानंतर चार दिवसांनी पाहिली. पहाटे आईबरोबर फडात जाऊन ती वाढ्याच्या मोळ्या बांधत असे. उसाचे पान पात्यासारखे कापते. तर्जनी आणि अंगठा, म्हणजे पेन्सिल धरावयाची नेमकी जागा, चिरांनी भरलेली होती. ती पेन्सिल मुठीत धरत असे याचे कारण हे होते. मी मात्र तिला दोनदा सर्वांदेखत पेन्सिल नीट धरायला सांगितले होते.

मी तिला संगणकावर बसविले ते काही शैक्षणिक विचाराने नव्हे. डाव्या हाताचे मधले बोट शाबूत होते, तेवढ्याने कळ दाबता येईल, इतकाच विचार. जोडीला गावातल्या एका बागायतदाराची मुलगी दिली. ही वर्गात वाचनात सर्वांच्या पुढे. एकीने सांगायचे, दुसरीने दाबायचे, मग उलट, असा आमचा नियम होता. सुरुवातीला गावातली सांगे आणि दाबे ती दुसरी. महिन्याभरात पाहते तो चित्र पालटलेले. आता सांगणारी बीडची, आणि गावातली तोंडावर हात घेऊन ऐकते आहे. तिच्याजवळ सांगण्यासारखे इतके होते! ट्रकमधला प्रवास, कोपीत रात्री शिरलेला साप, मुकादमाच्या मोटारसायकलचा आवाज ओळखण्याची कला. आमच्या मुलांच्या निबंधात 'माझी आई' आणि 'पावसाळा' याशिवाय कधी काही आलेले नव्हते.

जानेवारीच्या मध्यावर तिने स्वतः सांगून स्वतःच दाबून एक मजकूर पुरा केला. त्याला आठ दिवस लागले. तो मला आज पाठ आहे, म्हणून जसाच्या तसा देते.

"ढवळ्याला पानी नवतं. म्हून इकला. बापू म्हन्ला रडू नगं. म्या न्हाई रडले. पवळ्या रडला. गोठ्यात येकलाच व्हता. रातीला दावं वढायचा."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी एकटीच संगणकासमोर बसले. प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात मुलांचे लेखन वाचून दाखवावे असे ठरले होते. मला अतिशय आनंद झाला होता, आणि त्या आनंदाच्या भरात मी दुरुस्ती करीत गेले. 'नवतं' चे 'नव्हते' झाले, 'म्हून' चे 'म्हणून'. येथवर ठीक होते. पण बोटे थांबेनात. सुरुवातीला एक वाक्य हवे म्हणून 'आमच्या गावात भीषण दुष्काळ पडला होता' हे आले. 'इकला' च्या जागी 'वडिलांनी जड अंतःकरणाने त्याला विकले' असे झाले. बैल रडत नाही, म्हणून 'पवळ्या रडला' काढून मी 'पवळ्याही उदास झाला' असे घातले. शेवटची दोन वाक्ये तुटक वाटली. ती गाळून शेतकऱ्याच्या जीवनात बैलाचे महत्त्व सांगणारे एक वाक्य जोडले. मग मजकूर जतन केला आणि समाधानाने घरी गेले.

२६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर मी तो मजकूर ध्वनिक्षेपकावरून वाचला, तिचे नाव घेऊन. टाळ्या झाल्या. गावातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी उठून तिच्या हातात दहा रुपयांची नोट बक्षीस म्हणून ठेवली. ती नोट घेऊन ती जागेवर जाऊन बसली. तिचे आईवडील अर्थातच फडात होते. कारखान्याला सुट्टी नव्हती.

खाऊ वाटून झाल्यावर मी खोलीला कुलूप लावीत होते. ती मागे येऊन उभी राहिली आणि ती नोट तिने माझ्यापुढे धरली.

"हे माझं न्हाई, बाई."

मी म्हटले, "अगं, तुलाच दिलेत ते."

"पैसं न्हाई. वाचलंव ते. म्या आसं न्हाई लिवलं."

मी तिला शुद्धलेखनाबद्दल काहीतरी सांगू लागले. ती ऐकून घेत होती. माझे बोलणे संपल्यावर तिने विचारले, "मग माझं कुठं हाय?"

मी कुलूप उघडले, संगणक सुरू केला आणि तिचा मजकूर शोधू लागले. तो नव्हता. मी त्याच नावाने, त्याच जागी, आपला मजकूर जतन केला होता. लाल शाईने मी आयुष्यभर मुलांच्या वह्या रंगविल्या. पण लाल रेघेखालचे मुलाचे अक्षर वाचता तरी येते. त्याने काय म्हटले आणि मी काय म्हटले ते दोन्ही कागदावर राहते. येथे काही नव्हते. कोठेही खाडाखोड नाही, पान स्वच्छ, आणि त्या स्वच्छ पानावरून ती मुलगी नाहीशी झालेली. यंत्राचा यात दोष नाही. यंत्राने मी सांगितले तेच केले.

सोमवारी मी वर्गात हे सर्व मुलांसमोर सांगितले. तिची जोडीदारीण उठून म्हणाली, "बाई, मला येतंय ते. आम्ही रोज पहिल्यापासून वाचत होतो." आणि तिने ते सात वाक्यांचे लेखन तिच्याच उच्चारात, अगदी 'रातीला दावं वढायचा' पर्यंत म्हणून दाखविले. बागायतदाराच्या त्या मुलीच्या तोंडून ती बोली ऐकताना वर्गात कोणी हसले नाही. एरव्ही हसले असते.

दोघी पुन्हा लिहावयास बसल्या. तिसऱ्या वाक्यावर वीज गेली, आणि ती दुपारपर्यंत आली नाही. मी म्हटले, उद्या पुरे करू. ती तेथून हलेना. थोड्या वेळाने तिने जोडीदारणीकडून पेन्सिल मागून घेतली आणि भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेचे एक पान मागून घेतले. त्या कोऱ्या पाठीवर, जमिनीवर पालथी पडून, तिने सातही वाक्ये लिहिली. अक्षर वाकडे, ओळ चढत गेलेली. पण एकही काना सुटला नव्हता, 'म्हून' मधला म अर्धा होता आणि 'पवळ्या' मधला ळ देखील.   मी ते सुधारले नाही. बोटांवरच्या चिरा तोवर बऱ्या झाल्या होत्या की नाही, हे पाहण्याचे मला त्या दिवशीही सुचले नाही.

मी ते पान घरी नेले आणि तिच्यासाठी जसेच्या तसे टंकलिखित करावयास घेतले. नोकरीतील सर्वांत अवघड लेखन ते. माझी बोटे आपणहून 'नव्हतं' कडे वळत. तीन वेळा मागे येऊन मला 'नवतं' लिहावे लागले. तेव्हा मी प्रथमच तिच्या लेखनाकडे अक्षर अक्षर करून पाहिले. 'म्हून' हा शब्द ती जसा उच्चारत होती तसाच तिने लिहिला होता: म, हलन्त, ह, ऊकार, न. त्यात चूक कोठेच नव्हती. ध्वनी ऐकून तो अक्षरात उतरविणे म्हणजेच साक्षर होणे असेल, तर जिला मी पाच मिनिटांत अप्रगत ठरविले होते ती वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या पुढे होती. ती मुले पाठ झालेली 'म्हणून' लिहीत होती.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. प्रमाण मराठी शिकविणे हे माझे काम होते, आणि ते मी सोडले नाही. ज्या मुलीला पुढे अर्ज लिहावयाचे आहेत, परीक्षा द्यावयाच्या आहेत, तिला 'म्हणून' आलेच पाहिजे. पण त्या दिवसापासून आमच्या संगणकात प्रत्येक मुलाच्या नावाने दोन मजकूर राहू लागले. पहिल्याला मुलाखेरीज कोणी हात लावायचा नाही. दुसरा आम्ही मिळून, मुलाला विचारून, पहिला शेजारी उघडा ठेवून करायचा. कित्येकदा मुले माझी सुधारणा मान्य करीत, कधी करीत नसत. 'जड अंतःकरणाने' हा शब्दप्रयोग मी त्यानंतर कोणाच्याही निबंधात घातला नाही.

शाळेत छपाईयंत्र नव्हते. मार्चच्या आरंभी मी पेनड्राइव्ह घेऊन जयसिंगपूरला एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. युनिकोडमुळे मजकूर तेथे नीट उघडला, याचे मला अजूनही कौतुक वाटत होते. दुकानातल्या मुलाने पडद्यावर नजर टाकली आणि आदराने म्हणाला, "बाई, शुद्धलेखनाच्या लई चुका आहेत. दुरुस्त करून देऊ काय?"

"नको," मी म्हटले, "दोन प्रती काढ."

त्याच आठवड्यात कारखान्याचा पट्टा पडला. संध्याकाळी कोणीतरी सांगितले की टोळी रात्रीच निघणार आहे. मी मुलाला बरोबर घेऊन कोप्यांकडे गेले तेव्हा अंधार पडला होता. कोप्या मोडून झाल्या होत्या, पाचट पसरलेले होते, ट्रकवर भांडी, गाठोडी, दोन शेळ्या चढविल्या जात होत्या. ती ट्रकच्या मागच्या फळीपाशी भावाला कडेवर घेऊन उभी होती. मी कागद तिच्या हातात दिला. तिने भावाला खाली ठेवले आणि ट्रकच्या दिव्याच्या उजेडात जाऊन तो आधी मनात वाचला. मग माझ्याकडे पाहून मान हलविली.

तिचे वडील दोर आवळत होते. "काय हाय ते?" त्यांनी विचारले.

तिने मोठ्याने वाचून दाखविले. सात वाक्ये वाचायला किती वेळ लागतो? 'पवळ्या रडला' येथे त्यांचा हात दोरावर थांबला. वाचून झाल्यावर ते जवळ आले. हात धोतराला पुसला. कागदाला न लावता, थोडा वर धरून म्हणाले, "ढवळ्याचं नाव कुठं हाय?"

तिने पहिल्या ओळीच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवले. त्यांनी वाकून तो शब्द पाहिला. मग आपला अंगठा त्या शब्दाखाली ठेवून ते विचारू लागले, ह्यातला 'ढ' कोणता, 'व' कोणता, आणि ती एकेक अक्षर दाखवू लागली. मुकादमाने दोनदा हाक मारली तरी दोघांचे लक्ष नव्हते.